घडी न मोडलेली पैठणी

शिरूर-दौंडकडे नवरीला साडी नेसवायची असली की मला बोलावतात. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बोलावतात, कारण मी घातलेल्या निऱ्या पंगत उठेपर्यंत जागच्या हलत नाहीत. पिना, इस्त्री आणि मऊ सुती कापडाचे तुकडे पिशवीत टाकायचे आणि निघायचं, एवढाच माझा संसार.

भांडगावच्या त्या लग्नातली नवरी रांजणगावला कंपनीत कामाला होती. सासरचा शालू आलेला होता, पण अक्षतांना तिनं आईची पैठणी नेसायची हे तिच्या जन्मापासून ठरलेलं. ती जन्मली तेव्हा तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, येवल्याला जाऊन हातमागावरची वांगी रंगाची पैठणी घेऊन बाळंतिणीला भेटायला आले होते. आईनं ती एकदाही अंगाला लावली नाही. लेकीच्या लग्नाला होईल म्हणून दुकानाच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली. दर दिवाळीला ती पेटी पुसायची, पिशवीवरून हात फिरवायची आणि झाकण लावायची.

या असल्या जपण्याचा मला फार राग येतो. रेशमाला वारा लागतो, माणसाचा हात लागतो. अधूनमधून सावलीत पसरावं, जुनी घडी मोडून नवी घालावी, जरीची बाजू आत ठेवून सुती कापडात गुंडाळावं. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलं की घडीच्या रेघेवर धागा कुजतो, आणि वरून काहीच दिसत नाही. साडी घेताना बायका दहा दुकानं पालथी घालतात, पण ती सांभाळायची कशी हे एकीलाही विचारावंसं वाटत नाही.

आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि ती पाहुण्यांचा चहा बघायला गेली. मी पैठणी उलगडली. पदरावरचे मोर उलट्या बाजूनंही सुलट्याइतकेच स्वच्छ होते. बघून मन हरखलं. मग घडीवर बोट फिरवलं. रेघेवर बारीक चिरा पडल्या होत्या. नवरीची साडी मला आवळून नेसवावी लागते, पिना माराव्या लागतात. ही अक्षतांपर्यंतसुद्धा टिकली नसती.

एरवी मी फटकन बोलते, पण तेव्हा पैठणी पुन्हा घडीवर घालायला लागले. नवरीनंच विचारलं, "काय झालं, मावशी?"

मी चिरा दाखवल्या. "तुझ्या आईला कसं सांगू? तिनं जिवापाड जपलीय."

पोरीनं एका मोरावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आईलाच नेसवा."

"अगं, फाटंल ती."

"फाटायचीच हाय तर तिच्या अंगावर फाटू द्या. आजोबांनी तिला आणली व्हती, मला न्हाई."

आई आली, तिनं चिरा पाहिल्या. "माझंच चुकलं," ती म्हणाली. नेसायचं नाव काढताच मात्र उसळली, "लगीन तुझं हाय का माझं? लोक काय म्हणतील?" लेक म्हणाली, "तू न्हाई नेसलीस तर मी शालू नेसत न्हाई." मायलेकींच्या या भांडणात मी चक्क लेकीची बाजू घेतली.

मी आईला पैठणी सैल हातानं नेसवली. जिथं चिरा जास्त, तो भाग निऱ्यांच्या आत दडवला, पिनेखाली सुती तुकडा ठेवला. आरशात बघून आईनं पदराचा मोर एकदा हातात धरला आणि पटकन सोडून दिला. मला रडू आलं, उगाच कशाला लपवू.

आई सगळं लग्न उभी होती. विहीणबाईंनी खुर्ची दिली तरी, मामांनी हाताला धरलं तरी "मी बरी हाय हितं" म्हणत भिंतीला टेकून राहिली. अक्षता पडल्या, फोटो झाले. शेवटी जेवायला लेकीनं तिला शेजारच्या खुर्चीवर ओढून बसवलंच.

टर्रकन आवाज झाला. वाढणारा हात तसाच थांबला. आईनं मान वळवून मला विचारलं, "फाटली व्हय, ताई?"

"फाटली," मी म्हणाले.

तिनं पदर पुढे घेऊन मांडीवर नीट पसरला. सकाळपासून पहिल्यांदाच ती खुर्चीला पाठ टेकून बसली.

"फाटू दे," ती म्हणाली. "माझ्या बानं मला आणली व्हती." आणि वाढणाऱ्याकडे ताट सरकवलं.