बाटली आडवी करणाऱ्या मावशींचा सत्कार

महिला दिनाला परिसरातल्या कर्तबगार बायकांचा सत्कार करायचं आमच्या मंडळात ठरलं, तेव्हा पहिलं नाव मीच सुचवलं. येडगाव धरणाच्या वाटेवरच्या एका गावात त्या मावशी राहतात. मी लग्न होऊन जुन्नरच्या कापडपेठेत आले, त्याच सुमारास त्यांनी गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले तर दुकान बंद. धमक्या आल्या, नवऱ्यानं अबोला धरला, तरी मावशी घरोघर जाऊन बायकांना शिक्का कुठं मारायचा ते दाखवत राहिल्या.

मी निमंत्रण द्यायला गेले तेव्हा त्या ओट्यावर घेवडा निवडत बसल्या होत्या. पत्रिकेला हातसुद्धा लावला नाही.

"इतक्या वर्सांनी माजी आठवन कुनाला झाली?"

"आम्हा सगळ्यांनाच, मावशी."

"मांडव कोन घालतंय? जेवान कुनाचं?"

धरणाच्या कडेला हॉटेल बांधणाऱ्या एका माणसानं तो खर्च उचलला होता. मी तसं सांगितलं.

"म्हंजे शाल त्याची. आन् तुमाला कुनी धाडलं, शेठाणीबाई? त्यानंच का?"

मला राग आला. पण परतताना गाडी मी त्या बांधकामापाशी थांबवलीच. मागच्या बाजूला एक वेगळा हॉल होता, त्याला परमिट रूमला असतं तसं वेगळं दार. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, "मालकाला विचारा." मंडळात विषय काढला, तर अध्यक्षीणबाईंनी लगेच फुलांच्या हारांचं बोलायला घेतलं. मग मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली.

कार्यक्रमाच्या दिवशी फलकावर त्या मालकाचा हात जोडलेला फोटो सगळ्या बायकांच्या फोटोंपेक्षा मोठा होता. त्यानं मावशींच्या खांद्यावर शाल घातली. मावशींनी माईक हातात घेतला.

"भाऊ, शाल लई चांगली हाय. आता एवढं सांगा, तुमच्या हाटेलात दारू इकनार का?"

तो हसला. "मावशी, आपलं फॅमिली हॉटेल आहे."

"त्ये न्हाई इचारलं. इकनार का न्हाई?"

मावशींच्या गावच्या बायका खुर्च्यांवरून उठून उभ्या राहिल्या. तो पुटपुटला, "नाही विकणार."

"माईकात म्हना."

त्याला म्हणावं लागलं.

हॉटेल दिवाळीत सुरू झालं. दारू मिळत नाही. मागच्या हॉलमध्ये वाढदिवस होतात. त्याचा आधी काय विचार होता, ते मला आजही माहीत नाही. मावशींचा मात्र विश्वास बसलेला नाही. मी त्या बाजूला गेले की त्या मला तिथं चहाला घेऊन जातात. परवा वेटर मागच्या दारानं खोकी आत नेत होता. मावशींनी त्याला अडवलं.

"काय हाय त्यात?"

"थंडा, आजी."

"उघड."

त्यानं खोकं उघडलं. मावशी वाकल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून मीही वाकून आत पाहिलं.