पक्ष, टिंब

आमच्या वकिली कार्यालयात दोन कपाटं होती. राखाडी कपाटात पक्षकारांच्या कागदांचे बस्ते, हिरव्यात पक्षाचे कागद. आजोबांनी वाशीमच्या कोर्टाजवळ भाड्याच्या खोलीत वकिली सुरू केली तेव्हा एकच कपाट होतं. हिरवं वडिलांच्या काळात आलं. ते पक्षाचे कायदेशीर सल्लागार झाले आणि प्रत्येक निवडणुकीचे उमेदवारी अर्ज आमच्याच टेबलावर भरले जाऊ लागले. पुढे मोठा भाऊ वकील झाला. मी वर्तमानपत्रात गेले.

कागदपत्रं सांभाळणारे आमचे मुन्शी आजोबांच्या वेळेपासूनचे. जागा वाचवायला ते बस्त्यावर ‘पक्षकार’ असं पूर्ण लिहीत नसत. ‘पक्ष’ लिहून पुढे टिंब देत. इतक्या वर्षांत त्यावरून कधी घोटाळा झाला नव्हता.

अर्जांच्या छाननीच्या आदल्या दिवशी रिसोडहून पक्षाची जीप आली. आलेल्या कार्यकर्त्यांनी हिरवं कपाट रिकामं केलं आणि टेबलावरचे ‘पक्ष.’ लिहिलेले बस्तेही उचलले. त्यांतला एक जऊळक्याच्या एका विधवा बाईंचा होता. त्यांच्या चार एकरांवर दावा सांगणारा माणूस पक्षाच्या रिसोडमधल्या नेत्याचा मेहुणा होता. तरीही वडिलांनी बाईंचं वकीलपत्र घेतलं होतं, कारण त्यांच्या सासऱ्यांचा खटला आजोबांनी लढवला होता. खरेदीखतावरच्या सहीचा वाद होता. दुसऱ्या दिवशी मूळ खरेदीखत कोर्टात हजर करायचं होतं आणि ते त्या बस्त्यात होतं.

दुपारी चारला मुन्शींच्या ते लक्षात आलं. त्यांनी खुर्चीवरूनच वडिलांना सांगितलं.

भाऊ म्हणाला, “नेत्याले फोन नका करू. त्याले माहीत नसंल तर आपणच सांगितल्यासारखं होईन.”

“आणि माहीत असंल तर?” वडिलांनी विचारलं. गाडी मी चालवली. आम्ही तिघं रिसोडला पोचलो.

नेत्याच्या बंगल्यावर गठ्ठे सतरंजीवर पसरले होते. बाईंचा बस्ता मात्र वेगळा, त्याच्या खुर्चीजवळ होता.

“या वकीलसाहेब,” तो म्हणाला. “पक्षाच्या गठ्ठ्यात माह्या मेहुण्याविरुद्धचे कागद? दोन्ही घरी जेवून राह्यले का तुमी?”

“बस्ता द्या,” वडील म्हणाले.

“घ्या ना. आमी काय चोर हाओ?” त्याने बस्ता पुढे केला. “पन हिरवं कपाट कोनाच्या घरी ठेवाचं, ते आता आमाले पाहा लागंन.”

मुन्शी बस्त्याची दोरी दोनदा फिरवून तिला घट्ट गाठ मारत. आता तिथे सैल फास होता. वडिलांनी तिथेच उभ्या उभ्या एकेक कागद पाहिला. खरेदीखत होतं.

परतताना भाऊ म्हणाला, “बाईले सांगाची गरज नाही. कागद तर भेटला.”



सकाळी बाई जऊळक्याहून आल्या. वडिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांना सगळं सांगितलं. कुठलाही शब्द गाळला नाही.

बाई म्हणाल्या, “म्हंजे माहं चार एकर वावर त्याच्या घरी जाऊन आलं?”

“माझी चूक झाली.”

“सासरे म्हनत, त्या कपाटात कागद ठेवला का घोर नाही.” त्यांनी बस्ता ओढून घेतला. वाचता येत नसल्याने त्यांनी खरेदीखत कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून ओळखलं. “आता हे माह्याच हाती राहू द्या.”

पुकारा झाला. न्यायाधीशांनी मूळ दस्त मागितला. वडिलांनी नेहमीच्या सवयीने मागे न पाहता हात पसरला.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. त्याला वळसा घालून त्या पुढे गेल्या आणि खरेदीखत कोर्टाच्या कारकुनाच्या टेबलावर ठेवलं. कारकुनाने त्यावर पुरावा म्हणून निशाणी क्रमांक घातला. शाई कोरडी होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. वडिलांचा हात तेवढा वेळ तसाच होता.