कोणापेक्षा बेटर?

"पाय वर कर. बूट दिसू देत पाहुण्यांना."

साहेब म्हणाले आणि मी केला. भिंतीला हात टेकून एका पायावर उभी राहिले. बाजारात बैलाचा खूर बघावा तसे ते पाच-सहा जण वाकून बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पाय खाली घेतला नाही.

रोह्याच्या कंपनीत मी कंत्राटावर पिंपं धुवायचे. रोज रबरी चपलांवर. केमिकलचं पाणी बोटांच्या बेचक्यांत शिरायचं, कातडी सोलून निघायची. गमबूट मिळायचे फक्त कंपनी बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी. संध्याकाळी मुकादम ते काढून घेऊन कपाटात टाकायचा.

साहेब पाहुण्यांना सांगत होते, "हिची आई अनवाणी चिखलात राबायची. आता हिचं बघा. बेटर लाइफ!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पायांना टाळ्या!

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यापेक्षा बरा हाय गो तुजा. गप ऱ्हा."

तिच्यापेक्षा बरं, खरंय. तिच्या टाचांच्या भेगा मी बघितल्यात. पण त्या रात्री पेणच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आठवल्या. फळ्यावर 'बेटर' लिहून म्हणायच्या, "नुसतं बेटर म्हणून सोडायचं नाही. कोणापेक्षा, ते सांगायचं." तेव्हा मार्कांपुरतं घोकलं होतं. आता डोकं तापलं. साहेब मला दर वेळी माझ्या आईशेजारी उभं करतात. स्वतःच्या शेजारी का नाही?

पुढच्या वेळी पाहुणे आले. पुन्हा तेच, "पाय वर कर."

"नाय करनार."

साहेब हसले. "अगं, आधीपेक्षा किती बेटर आहे तुझं!"

"माझ्या आईपेक्षा, व्हय. तुमच्यापेक्षा सांगा ना, साहेब. तुमचे बूट सांजच्याला कोन काढून घेतो?"

कुणी टाळी वाजवली नाही. साहेब पाहुण्यांना घेऊन पुढे गेले.

संध्याकाळी मुकादम कपाट उघडून उभा. "बूट ठेव. नायतर उद्यापासून काम बंद."

त्याच्यासमोरून बूट घालूनच बाहेर पडले. घरात माझ्याच कमाईवर चूल पेटते, ते काय मला कळत नव्हतं?

सकाळी गेटवर वॉचमनने अडवलं. तिथेच उभी राहिले. पिंपं धुणाऱ्या बाया एकेक करून आत जात होत्या. एक माझ्या पायांकडे बघून थांबली. मग दुसरी.

"आत जा गो," वॉचमन त्या दोघींवर ओरडला.

कुणी हललं नाही. कामावर घेवोत, न घेवोत. बूट मी काढणार नाही.