वीराच्या सदऱ्याचं माप

मेढ्याच्या बाजारपेठेतला आमचा शिंपी गळ्यातली टेप लग्नातसुद्धा काढत नाही. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघतो आणि मध्येच "मापात हाय" म्हणतो, मग विषय पावसाचा असो की सरपंचाचा.

पूर्वी माणसं ताडमाड होती, हे त्याचं ठाम मत. पुरावा देवळाबाहेरच्या वीरगळावर आहे. त्या दगडावर लढाईत पडलेला वीर मधोमध कोरलाय आणि शत्रू त्याच्या गुडघ्याला लागतात. ह्या वीराच्या सदऱ्याला किती कापड लागेल, तेही शिंप्याने काढून ठेवलंय.

"अहो मास्तर, ज्याला मान द्यायचा त्याला मोठं कोरायची रीत होती," मी एकदा म्हणालो. "माणूस आपल्याएवढाच."

"आवं, कारागीर मापात खोटं कशाला करंल?"

त्यानंतर बरेच दिवस त्याने माझ्या पँटीला हात लावला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या आईचं वर्षश्राद्ध झालं. म्हातारी एवढीशी. दुकानात काजं करत बसली की मशीनच्या आड दिसायचीसुद्धा नाही. श्राद्धाला दुकानावर फ्लेक्स लागला. त्यात आई पत्र्यापासून पायरीपर्यंत, आणि तिच्या पावलांशी हात जोडून हा, वीतभर.

मी फ्लेक्सकडे बघत राहिलो. त्याने कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मापात हाय न्हवं?"

"मापात आहे, मास्तर," मी म्हणालो.