कोण? मीच!

सुधींद्रला दुसऱ्यानं केलेलं काम कधी पसंत पडत नसे. मिक्सर तो स्वतः उघडायचा, स्वतः जोडायचा आणि उरलेले दोन स्क्रू आईच्या नजरेस पडू नयेत म्हणून खिशात टाकायचा. अशा माणसानं अठ्ठ्याण्णव साली बंगळुरातल्या शिवाजीनगरात, राहत्या घरात स्वतःचा मेल सर्व्हर बसवला, यात नवल ते काय!

निमित्त मात्र मुग्धाचं होतं. मुलगी पुण्याची, संगणकातलीच. बघण्याच्या कार्यक्रमात यानं फुशारकी मारली, "माझा ईमेल माझ्या घरच्या सर्व्हरवरून जातो." ती हसून म्हणाली, "मग होकार तिथूनच पाठवा. शुक्रवारपर्यंत वाट बघते." सर्व्हर तेव्हा नव्हताच. पण मुलगी मनात भरली होती आणि शब्द तोंडातून गेला होता.

बुधवारी सर्व्हर कसाबसा उभा राहिला. सुधींद्रनं होकार लिहिला, चारदा खोडला, पाठवला. मुग्धाच्या ऑफिसच्या सर्व्हरनं कळवलं, आत्ता नाही, नंतर या. तासाभरानं पुन्हा तेच. गुरुवारी दिवसभर तेच. सरळ फोन करावा, तर अभिमान आडवा येत होता, आणि फोनची लाइन मोडेमनं अडवली होती.

शुक्रवारी सकाळी तुंगाबाई कॉफी घेऊन आल्या. लेकाचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना.

"काय म्हणतंय रे ते पुणं?"

"नंतर या म्हणतंय."

"म्हणजे नाळे बा!"

काही वर्षांपूर्वी बंगळुरात एक भूत दारोदार फिरतं अशी आवई उठली होती. ओळखीच्या आवाजात हाक मारायचं म्हणे. मग लोकांनी दारांवर लिहिलं, 'नाळे बा', उद्या ये. यांच्या दारावर ती खडूची अक्षरं अजून पुसट दिसत होती.

"तुझ्या पत्राला ते भूत समजतायत बघ. दारात जाऊन सांगतं तरी काय, स्वल्प बघ की."

सुधींद्रनं नोंदी उघडल्या. पलीकडून विचारलं होतं, कोण? याच्या सर्व्हरनं सांगितलं होतं, लोकलहोस्ट.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... इथलाच. घरचाच."

तुंगाबाईंनी कपाळावर हात मारला. "तुझंच पिल्लू ते! कोण विचारलं की तूही 'मीच' म्हणतोस. अरे, भूतही 'मीच' म्हणतं! नाव नाही का ठेवलं त्याचं?"

नाव त्यानं रीतसर नोंदवलं होतं, मशीनला सांगायचंच राहिलं होतं. त्यानं ते टाइप केलं. पडद्यावर 'तुंगा' वाचून तुंगाबाईंना एकदम भरून आलं. "सरी, सरी, बरं झालं," म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पत्र गेलं! सुधींद्र खुर्चीवरून उडालाच. कॉफी थंड व्हायच्या आत उत्तर आलं.

'होकार पोचला. पण खाली सही "मीच" अशी आहे. तुमचं नाव मला ठाऊक आहे, आता माझं घेऊन दाखवा. मग माझाही होकार.'

सुधींद्र कानापर्यंत लाल झाला. कीबोर्डवर बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आपलं काम दुसऱ्याला सांगितलं.

"आई, मुग्धाचं नाव बसेल असा एक उखाणा सांग ना."