ही लुक्स टायर्ड

चिखलीच्या वर्कशॉपमध्ये मी पॅकिंगला होते. इंग्रजी बोलता आलं तर ऑफिसात घेऊ, असं मालक म्हणाले, म्हणून संध्याकाळी सुटल्यावर संत तुकाराम नगरला क्लासला जायचे.

एकदा मॅडमनी सांगितलं, मोबाइलमधला घरच्या माणसाचा फोटो दाखवा. तो कसा दिसतो आणि आता पुढं काय करील, ते इंग्रजीत बोला. त्यांनी बहिणीचा फोटो दाखवून सुरुवात केली. "शी लुक्स हॅपी. शी विल गो टु अ पार्टी." मला त्या पार्टीचा उगाचच राग आला.

माझ्याकडे नवऱ्याचे बरेच फोटो होते, पण सगळे झोपेतले. तो चाकणला बारा तासांच्या नाइट शिफ्टला. सकाळी यायचा आणि माझा डबा भरून होईपर्यंत झोपी गेलेला असायचा. मी घरी पोचायच्या आत कंपनीची बस त्याला घेऊन जायची. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम. जेवणाच्या सुट्टीत बघायला म्हणून निघताना मी त्याचा एखादा फोटो काढायचे.

माझी पाळी आली. "ही लुक्स टायर्ड," मी म्हणाले.

"छान. आता पुढं काय करील?"

"ही विल वेक अप. आय विल नॉट बी देअर."

"अगदी बरोबर, ताई. आता उद्याचं सांगा."

मी तेच पुन्हा म्हटलं.