चेडू झाला तर तुझा

काळाचौकीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एका नवऱ्याच्या दोन बायका राहायच्या, आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीला मूल होईना, म्हणून तिनेच मालवणकडच्या गावातून धाकट्या बहिणीला आणून नवऱ्याशी तिचं लग्न लावून दिलं. तोवर असल्या लग्नांना कायद्याने बंदी आली होती म्हणे. कायदा घाट उतरून कोकणात पोचेपर्यंत धाकटीला मुलगाही झाला. तो वाढला थोरलीच्या मांडीवर. तिला तो आई म्हणायचा आणि जन्म दिलेल्या बाईला मावशी. सगळ्या चाळीला खरं ठाऊक, फक्त त्याला नाही. आणि चाळीतल्या बायका नळावर मान वेळावून म्हणायच्या, माय मरो, मावशी जगो. मला असा संताप यायचा की एकेकीची घागर ओतून द्यावी.

त्यांची खाणावळ होती. रांधायचं धाकटीने, वाढायचं आणि रुबाब करायचा थोरलीने. गिरणीतले गडी जेवून दुपारपाळीला गेले की धाकटी उद्याचे तांदूळ निवडायला बसायची. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची आगाऊ कार्टी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवायची. ते हिंदी-चिनी भाई-भाईचे दिवस होते, वाचनालयात चीनवरची पुस्तकं येऊन पडली होती. वडिलांनी त्यातलंच एक बिनपुठ्ठ्याचं आणलं होतं, चिनी बादशहाच्या राण्यांच्या हकिगतींचं.

एक पट्टराणी, तिच्याखाली पायरीपायरीने बाकीच्या. चांगल्या घरातल्या पोरी निवडून आत घ्यायच्या, मग आईबापांचं तोंड दिसलं तर नशीब. धाकटी म्हणाली, मी तरी लग्नानंतर गावाला कुठे गेलेय, खाणावळ कोण बघणार? पुढे लिहिलं होतं की बादशहा जेवायला बसला की राण्यांच्या नावांच्या पट्ट्या तबकात मांडून त्याच्यापुढे आणत, आणि तो जिची पट्टी उलटी करी तिला बोलावणं जाई. यावर ती खुदकन हसली. आमच्याकडे पट्टीबिट्टी नाही, म्हणाली, ताई वळकटी उचलून गॅलरीत झोपायला गेली की समजायचं. मला त्या वयात काही कळलं नाही. तिचं हसू मात्र मधेच थांबलं, ते दिसलं.

मग एके दिवशी ते पान आलं. खालच्या पायरीवरच्या राणीला मुलगा झाला तर तो बऱ्याचदा तिच्याजवळ ठेवत नसत. वरची राणी त्याला वाढवी, आईचा मान तिचा. जन्म देणारीने सणासुदीला लांबून बघायचं. धाकटीचा हात सुपात तसाच राहिला. तो गादीवर बसल्यावर तरी तिला आई म्हणाला का, तिने विचारलं. मी पानं उलटली. पुस्तकातली ती राणी मुलगा गादीवर बसायच्या आधीच मेली होती. बादशहा झाल्यावर त्याने तिला पट्टराणीची पदवी दिली होती.

"मेल्यार?" तिने विचारलं.

मेल्यावर, मी म्हटलं. ती पुन्हा खडे वेचू लागली.

पुढे तिला पुन्हा दिवस गेले. या खेपेला मात्र ती अडून बसली, जन्मात पहिल्यांदा. हे मूल माझं म्हणा, नाहीतर चूल पेटवणार नाही. गडी उपाशीपोटी पाळीला गेले, चाळभर बोभाटा झाला. शेवटी थोरली तिच्यासमोर उभी राहिली आणि भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "चेडू झाला तर तुझा. झील झालो तर माझो."

तेव्हापासून धाकटी दिसेल त्या देवापुढे झील नको, चेडू दे, म्हणून मुलगी मागू लागली. जगाच्या उलटी बाई, म्हणून लोक तिला हसायचे. ती पण हसायची. तिला इतकी खुशीत मी आधी कधी पाहिली नव्हती.

मुंबईसह महाराष्ट्रासाठी गिरणगाव तेव्हा पेटलं होतं. मोर्चे, हरताळ, गोळीबार आणि मग कर्फ्यू. नेमक्या अशाच एका भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईण राहायची करी रोडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नवरा पांढरं फडकं हातात धरून खाली गेला आणि नाक्यावरच्या बंदुका बघून परत आला. माझ्या आईने आणि थोरलीने मिळून बाळंतपण केलं. मी पाणी तापवून दाराशी नेऊन देत होते. मुलगी झाली. पण रक्त थांबेना, लुगडी संपली तरी थांबेना.

धाकटीने पोर छातीशी धरली आणि थोरलीकडे पाहिलं. "ह्या माझा," ती म्हणाली. "ह्या माका आये म्हणतला."

होय गो बाय, तुझाच, थोरली म्हणाली. दिवेलागणीच्या आधी धाकटी गेली.

परवानगी काढून चार माणसांनी तिला भोईवाड्याच्या स्मशानात न्यायचं ठरलं. अग्नी कोण देणार, हे कुणी विचारेना. मुलगा दाराशी मावशीसाठी रडत उभा. नवऱ्याची मान खाली. शेवटी थोरलीच उठली आणि तिने मडकं त्याच्या हातात दिलं. जा, ती तुझी आई होती, म्हणाली.

"मग तू कोण?" पोराने विचारलं.

त्या दिवसानंतर त्याने थोरलीला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मला तो चिनी बादशहा आठवला. डोंबलाची पदवी! ऐकायला कान जिवंत असताना द्यायला काय धाड भरली होती? उरलेलं पुस्तक न वाचताच मी वडिलांना परत नेऊन द्यायला सांगितलं.

पोरीला थोरलीने वाढवलं, आणि खाणावळीचंही आता तीच रांधायची. दुपारी तांदूळ निवडायला मी तिच्याकडे जायची, आईने धाडलेली, मनातून मुळीच नाही. अशाच एका दुपारी पोर रांगत आली, थोरलीचा पदर ओढला आणि बोबडं 'आई' म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं, हीसुद्धा घेतली हिने.

थोरलीने तिला उचलून समोर धरलं. तिचे डोळे वाहत होते.

"आये नाय गो," ती म्हणाली. "मावशी. मावशी म्हण."

पोर हसून पुन्हा 'आई' म्हणाली. संध्याकाळचे गडी जेवायला येईपर्यंत थोरली तिला तेच शिकवत बसली होती.